मी मागितलेली मुदत

सांगलीच्या एका कॉलेजात मी मध्ययुगीन महाराष्ट्राचा इतिहास शिकवते. वतनं, जकाती, महसूल यांवर वर्ग पेंगतो आणि खरं सांगायचं तर मीही पेंगतच शिकवते. पण गुन्हे आणि शिक्षांचा तास आला की मागच्या बाकांवरच्या मानासुद्धा वर येतात. पुरावा नाही, साक्षीदार फुटलेले, दोन्ही बाजू हट्टाला पेटलेल्या, अशा वेळी त्या काळी प्रकरण देवावर सोपवत. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा, हातावर पिशवी बांधून मोहर लावायची, आणि पुढे पिशवी उघडून चारचौघांत हात बघायचा. हे दिव्य. त्याहून सौम्य प्रकार म्हणजे देवळात बेल आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, हातात उचलून शपथ घ्यायची आणि मग ठरलेल्या दिवसापर्यंत गावाने त्या घरावर डोळा ठेवायचा. तेवढ्यात घरात कोणी दगावलं, गोठ्यातलं जनावर मेलं, गंजीला आग लागली, तर शपथ खोटी. याला जुन्या कागदांत क्रिया म्हटलेलं असतं.

मुलं हसतात. मी त्यांना हसू देते आणि मग डाफरते. डाफरणं हा माझा स्वभाव आहे, घरचेही तेच सांगतात. मी म्हणते, हसू नका, भांडण कुठेतरी संपवावं लागतं, आणि त्या लोकांनी ते कुठे संपवायचं एवढं तरी ठरवलं होतं. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा फेकलंय की त्यात काही अर्थ आहे का, हे बघायचं राहूनच गेलं होतं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली बहीण. कोरेगाव तालुक्याच्या कोरड्या अंगाला दिलेली. आमच्याकडे आणि तिच्या सासरीही दोन पिढ्यांमागे मेंढरं होती, आता शेती आहे, नोकऱ्या आहेत. दाजी फौजेतून निवृत्त होऊन आले आणि घरात फौजी हिंदी घेऊन आले. मुलगा शिरवळला कारखान्यात, रोज जाऊन येऊन. सुनेला एक मुलगी, आणि तेव्हा ती दुसऱ्यांदा गरोदर होती. दुसरं बाळंतपण म्हणून सासरीच होती.

त्यांच्या सगळ्या भावकीचे देव एकत्र आहेत. चांदीचे टाक, म्हणजे तळहातावर मावतील असे चांदीचे पत्रे, त्यावर देवाची मूर्ती ठोकलेली. ते एका पितळी डब्यात असतात आणि वर्षभर एका घरी राहतात. दसऱ्याला पाळी बदलते. त्या वर्षी पाळी आक्काची होती. दसऱ्याच्या संध्याकाळी तिने डबा वाजतगाजत पुढच्या घरी पोचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे डबा उघडला, तर बाकीचे सगळे होते आणि खंडोबाचा टाक नव्हता.

पुढचं घर कुणाचं? आक्काच्या चुलत सासऱ्यांचं, ज्यांना सगळी भावकी आबा म्हणते. आणि भावकीतले तंटे मिटवतं कोण? तेच आबा. मुद्देमाल न्यायाधीशाच्या घरी एक रात्र राहिला होता आणि आरोपी मात्र माझी बहीण. माझं डोकं तिथेच फिरलं.

अर्थात तिला तोंडावर चोर कोणीच म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी पदर खोचून भांडले असते. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी कोणीतरी खंडोबाचा फोटो टाकायचं, खाली लिहिलेलं असायचं, देव बघतोय. दिवाळीत आक्काने रिवाजाप्रमाणे घरोघर फराळाची ताटं पाठवली. आमच्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत, त्यात आपलं काहीतरी घालून देतात. तिची ताटं रिकामी आली नाहीत, भरलेलीच आली. तिच्याच करंज्या, तिच्याच चकल्या, रुमालाची घडीसुद्धा न मोडलेली. हे तिने फोनवर सांगितलं. आक्काला दुसरं गाव नाही. माझ्यासारखी तिला नोकरी नाही, स्टाफरूम नाही, भाड्याचं घर बदलायची सोय नाही. ती माणसं म्हणजेच तिचं जग, आणि ते जग तिच्या हातच्या करंज्या परत पाठवत होतं.

मी सुट्टीत गाडी काढून गेले. पाहते तो बाहेरच्या सोप्यात सतरंजी अंथरलेली आणि भावकी जमलेली. मी वाटेत भाषण तयार केलं होतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, तक्रार झाली तर काय होऊ शकतं, सगळं सांगितलं. पाव्हणीचं बोलणं ऐकावं तसं त्यांनी शांतपणे ऐकलं. आबा म्हणाले, आम्ही कुठं वाळीत टाकलंय बाई, चहाला बसलोय की तुमच्या बहिणीच्या घरात. बसले होते खरे, पण प्रत्येकाच्या पुढ्यातला कप भरलेला होता आणि चहावर साय धरली होती.

मग आबांनी मुद्द्याला हात घातला.

"कर न्हाई त्याला डर कशाला? येत्या रविवारी पालीला जाऊ. भंडारा उचलू दे. आमावस्येपतुर बगू, काय इपरीत न्हाई घडलं तर इषय मिटला."

पाली म्हणजे उंब्रजजवळचा खंडोबा. शपथेला आजही लोक तिथे जातात. मी वर्गात जे शिकवते ते आक्काच्या घरापासून तासाभराच्या रस्त्यावर चालू आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या बहिणीचं नाव त्यात ऐकणं वेगळं. मी मनात तारखा जुळवत होते. सुनेची तारीख डॉक्टरांनी अमावास्येच्या अलीकडची दिली होती. तिचं ब्लडप्रेशर वर गेलेलं, पाय सुजलेले. आतल्या दाराला टेकून ती सगळं ऐकत उभी होती. देव न करो पण काही झालंच, तर आक्का चोर ठरेल, आणि वर नातवंडाला खाल्लं असंही आयुष्यभर ऐकेल. मी बोलून गेले.

"सुनेचं बाळंतपण होऊ द्या आधी. मग जाऊ. तेवढी मुदत द्या."

दोघातिघांनी वळून आबांकडे बघितलं. आणि मला कळलं मी काय केलं ते. क्रियेला उभं राहायच्या आधी जो मुदत मागतो तो तिथेच निम्मा खोटा ठरतो. शेकडो वर्षांची रीत आहे ही, मी स्वतः फळ्यावर लिहून देते, परीक्षेत विचारते. आज नको, उद्या करू म्हणणाऱ्याच्या पोटात पाप असतं असं ते लोक धरायचे, आणि समोर बसलेलेही तेच धरत होते. बाहेरच्या कोणी मागितली असती तर गोष्ट निराळी. इथे आरोपीच्या सख्ख्या बहिणीने भर बैठकीत मुदत मागितली होती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते आक्काकडे बघत एवढंच म्हणाले, "व्हय?"

"आवं, तिला आमच्यातलं काय ठावं न्हाई," आक्का म्हणाली. "रविवारीच जाऊया."

मला काही ठाऊक नाही! एरवी असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी मी खाली मान घालून बसले आणि तिने मला अडाणी ठरवून वाचवलं म्हणून मनातल्या मनात तिचे आभार मानले. भावकी उठली. थंडगार चहाचे कप आक्काने एकटीने गोळा केले, मी मदतीला गेले तर म्हणाली, तू बस.

रविवारी आम्ही माझ्या गाडीतून निघालो. आक्का पुढे, दाजी मागे. भावकी एका जीपमध्ये, आमच्या मागेच. जणू आम्ही पळून जाणार होतो. रहिमतपूर मागे पडलं आणि मला राहवेना. मी तिला म्हटलं की आबांनी सांगितलेले शब्द जसेच्या तसे म्हणू नकोस. आबांची मागणी होती, टाक माझ्या हातून किंवा माझ्या घरातून गेला नाही असं म्हणावं. मी म्हटलं, तू फक्त एवढंच म्हण, मी चोरला नाही. कारण भाद्रपदात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दसऱ्याला डबा द्यायच्या आधी तिने नेहमीसारखे सगळे टाक मागल्या दारी बसून चिंचेने घासले होते, एका डोळ्याने धड दिसत नसताना. चिंचेच्या चोथ्याबरोबर एखादा गेला असेल तर? मग चोरी नाही, पण घरातून गेला हे खरंच की. जुन्या निवाड्यांतही शपथेच्या शब्दांवरून माणसं भांडलेली आहेत, हेही मी तिला समजावून सांगितलं. मला वाटत होतं मी तिची वकिली करतेय.

आक्का खिडकीतून उसाच्या गाड्या बघत राहिली. मसूर आलं तेव्हा म्हणाली, "गाडी जरा हळू घे." दाजी मागून म्हणाले, जो होगा देखा जायेगा, आणि परत डोळे मिटून बसले.

देवळात रविवारची गर्दी होती. फरश्या, पायऱ्या, माणसांचे खांदे, सगळं हळदीने पिवळं. आपापले नवस फेडायला आलेली माणसं येळकोट करत होती आणि त्यांच्या मधून आमची ही वरात, कोणी कोणाशी न बोलता. गुरवाने आक्काच्या ओंजळीत बेलाचं पान ठेवलं, वर भंडारा घातला आणि कोण, कशासाठी ते विचारलं. भावकी अर्धगोल करून उभी राहिली. आक्काने ओंजळ देवापुढे धरली.

"माज्या हातनं, माज्या घरातनं, चुकूनसुदीक टाक गेल्याला न्हाई," ती म्हणाली. "गेला आसंल तर देवा तू बगून घे."

चुकूनसुद्धा. हा शब्द आबांनी मागितलाच नव्हता. मी गाडीत तिच्यासाठी जी एक फट ठेवायला बघत होते, ती तिने सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने लिंपून टाकली. मला तिचा भयंकर राग आला.

मग अमावास्येपर्यंतचे ते दिवस. मी सांगलीला परतले, कॉलेज सुरू झालं, पण माझा पाय कुठे ठरेना. रोज सकाळी आक्काला फोन, रोज संध्याकाळी भाच्याला. सुनेचं प्रेशर विचारायचे, मग नातीचा खोकला, मग हळूच म्हशीचं. म्हैस नीट खाते ना? उभ्या जन्मात मी त्या म्हशीची चौकशी केली नव्हती. दाजींना सांगितलं, कोरेगावच्या बाजाराला स्कूटरवरून जाऊ नका. भाच्याला सांगितलं, शिरवळहून येताना हायवेला जपून. चुलीवरचं तेल, गोठ्यातली वायर, विहिरीचा कठडा, मला झोपेतही दिसायचं. माझा देवावर विश्वास नाही, भंडाऱ्यावर तर नाहीच नाही. तरी मी उठल्यासुटल्या कुणाला तरी विनवत होते की एवढे दिवस त्या घराकडे बघू नकोस. स्वतःची लाज वाटायची आणि पुन्हा फोन हातात घ्यायचे.

आणि तिकडे अख्खी भावकीही तेच करत होती. कधी न फिरकणाऱ्या बायका ताक मागायला येऊन सुनेच्या पायांची सूज बघून जायच्या. म्हैस एक दिवस वैरणीला तोंड लावेना, तर ते मला आक्काने सांगायच्या आधी ग्रुपवर आलं. दुसऱ्या दिवशी ती खाऊ लागली, ते मात्र कोणी लिहिलं नाही. त्या काळी गावाने एखाद्या घरावर डोळा ठेवणं म्हणजे काय, हे मला पुस्तकांतून इतकं कधी कळलं नव्हतं. तेलात घातलेला हात निदान पिशवीत बंद असतो.

एका दुपारी माझा तास चालू असताना भाच्याचा फोन आला. सुनेचं प्रेशर फार चढलंय, साताऱ्याला हलवलंय, ऑपरेशन करायचं म्हणतायत. वर्ग तसाच सोडून मी निघाले. साताऱ्याला पोचेपर्यंत कऱ्हाडला काय लागलं, उंब्रज कधी गेलं, काही आठवत नाही. दवाखान्याच्या बाकावर आक्का ताठ बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि रडायला लागले, काही झालेलं नसताना. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. थोड्या वेळाने नर्सने बाहेर येऊन सांगितलं, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत.

मला वाटलं सुटलो. कसचं काय! भावकीत वाद सुरू झाला. पोट फाडावं लागलं, हे विपरीत धरायचं की नाही? कोणीतरी असंही म्हणालं म्हणे की दुसरीही पोरगीच झाली, तेही ध्यानात घ्या. मला हे भाच्याने सांगितलं तेव्हा मी हसावं की कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी हे कळेना. शेवटी प्रश्न आबांकडे गेला. ज्यांच्या घरात डबा एक रात्र होता, ज्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, त्या आबांनी निवाडा दिला.

"शिझर हल्ली समद्यांच्याच घरात हुतंय, ते इपरीत न्हाई. आन् पोरगी बी इपरीत न्हाई."

हा निवाडा मी कोणत्याही दप्तरात ठेवायला तयार आहे. अमावास्या सरली. दुसऱ्या दिवशी आबा आक्काच्या सोप्यात येऊन बसले, चहा मागून घेतला, तळापर्यंत प्याले आणि बशी उपडी घालून म्हणाले, मिटलं. टाक सापडला नाही, आजतागायत सापडलेला नाही. भावकीने मिळून नवा करून घेतला.

बारशाला सगळे आले. जुन्या काळी दावा जिंकणाऱ्यालाही सरकारात काहीतरी भरावं लागायचं, जिंकल्याच्या आनंदाबद्दल, त्याला हरकी म्हणत. आक्काने ती जेवणाच्या पंगतीने भरली. त्याच बायका पाळण्याशी गाणी म्हणत होत्या, तेच पुरुष तिच्या हातची दुसरी वाढ घेत होते. ग्रुपवर पाळण्याचा फोटो पडला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. घुगऱ्या वाटायच्या होत्या, म्हणून आम्ही दोघी आत आलो. मी अगदी खुशीत होते. मी म्हटलं, सुटलीस बाई एकदाची.

आक्का पातेल्यातल्या हरभऱ्यांवर मीठ घालत होती. वर न बघता बोलली.

"भावकीचं मिटलं. त्येंनी देवाला इचारलं, देवानं सांगितलं. तुजं कसं मिटायचं?"

मी म्हटलं, माझं काय?

"तू मुदत मागितलीस. गाडीत पळवाट काढून देत व्हतीस. दवाखान्यात आदुगरच रडाय लागलीस. देव तर तू मानत न्हाईस. मग म्या न्हाई घेतला, ह्ये तुला आता कोन सांगनार?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उलट बोलले असते, बोलायला मला कधी कमी पडलेलं नाही. मी म्हटलं, आक्का, देव कशाला पाहिजे, तू सांगितलंस तरी मला पुरे आहे.

"म्या सांगितलं व्हतं की," ती म्हणाली. "पैल्याच फोनवर."

सांगितलं होतं. म्या न्हाई घेतला गं, असं ती अगदी पहिल्यांदा म्हणाली होती. आणि मी म्हटलं होतं, ते जाऊ दे, आधी सांग, रात्री डबा कुणाच्या घरात होता.

बाहेरून कोणीतरी घुगऱ्यांसाठी हाक मारली. तिने पातेलं उचललं आणि ती बाहेर गेली.